अस्सल बरहुकूम नक्कल : 'मॉक' या शब्दाविषयी

आपल्या लिहिण्यावर दोन आरोप कायम होत आलेत. पहिला : ही नुसती टवाळी आहे, यात वाङ्मय कुठं आहे? दुसरा : ही नक्कल आहे. काळ्या अमेरिकनांची नक्कल, पाश्चात्त्यांची नक्कल, नाहीतर मग शिकल्यासवरल्यांच्या भाषेची नक्कल. आरोप करणारे बदलले, निवृत्त झाले, त्यांच्या खुर्च्यांवर त्यांचे विद्यार्थी बसले. आरोप तेच राहिले. आपली पोरं-पोरी या आरोपांपुढं दोनच गोष्टी करतात. एक तर चिडतात, नाहीतर खुलासा देत बसतात. माझं म्हणणं असं, की आधी आरोपातले शब्द तपासा. शब्द न तपासता खुलासा देणं म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा उठवणं.

इंग्रजीत एक शब्द आहे : मॉक. हे दोन्ही आरोप या एकाच शब्दात नांदतात. मॉक म्हणजे कुणाला हसणं, आणि मॉक म्हणजे कुणाची नक्कल करणं. शब्द मूळचा फ्रेंच. पंधराव्या शतकात इंग्रजीत आला. आधी हसण्याच्या अर्थानं आला, मग नक्कल त्याला चिकटली. अमेरिकेत एक पक्षी आहे, मॉकिंगबर्ड. तो दुसऱ्या पाखरांचे आवाज हुबेहूब काढतो. बिचारा कुणाला हसत नाही, पण नावात मॉक आहे, कारण नक्कल आहे. पुढं या शब्दाला तिसरा अर्थ फुटला : खोटा नमुना. इंग्लंडमधल्या बड्या लोकांना कासवाचं सूप आवडायचं. ते महाग. मग वासराच्या डोक्याचं सूप करून त्याला 'मॉक टर्टल' म्हणायला लागले. कासव नाही, कासवाचा भास आहे. आणि न्यायाचं नाटक झालं, आत न्याय नसला, की इंग्रज म्हणतो, ही न्यायाची मॉकरी आहे.

हा तिसरा अर्थ आता आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. स्पर्धा परीक्षेच्या क्लासला मॉक टेस्ट असते. कारखान्यात मॉक ड्रिल असते. मतदान सुरू व्हायच्या आधी यंत्र तपासायला एजंटांसमोर किमान ५० मतांचा मॉक पोल घेतात आणि ती मतं पुसून टाकतात. म्हणजे हा शब्द परका राहिलेला नाही. त्याचे दोनच अर्थ आपण वापरात घेतले नाहीत, आणि नेमके तेच आपल्या कामाचे आहेत.

मराठी शब्दकोश मॉकपुढे उपहास, थट्टा, चेष्टा असे शब्द ठेवतात. आपले टीकाकार त्यातला 'उपहास' उचलतात, कारण तो संस्कृत आहे आणि परीक्षणात शोभतो. पण उपहासात फक्त हास आहे. नक्कल त्यातून गळाली. पूर्ण शब्द पाहिजे असेल तर शाळेच्या मैदानावर जा. एक पोरगं बोलतं, दुसरं तोंड वाकडं करून तेच शब्द परत म्हणून दाखवतं. पहिलं रडत घरी येतं आणि आईला सांगतं, "आये, त्यो मला येडावतोय." वेडावणं. हाच मॉक. हसणंही आलं आणि नक्कलही आली. विद्वानांच्या पोतडीत नाही तो शब्द आयांच्या तोंडी आहे. मी पुढं मॉकसाठी हाच शब्द वापरणार आहे.

आता मुद्द्यावर येतो. वेडावण्यात नक्कल असते हे ठरलं, तर टीका करणाऱ्यानं पहिला प्रश्न विचारला पाहिजे : नक्कल कशाची? हसू आलं की नाही आलं, हा प्रश्न नंतरचा. आणि नक्कल दोन गोष्टींची होते. एक, माणसाच्या अंगच्या गोष्टीची. त्याचा रंग, त्याचं नाक, त्याचं लंगडणं, त्याच्या तोंडातली बोली. दोन, माणसाच्या अंगावरच्या गोष्टीची. त्याची पगडी, त्याचा शिक्का, त्याची पोथी, त्याचा हुकूम. अंगचं टाकून देता येत नाही. अंगावरचं उतरवता येतं. एवढा एक भेद हातात धरा आणि इतिहासात फिरून या.

अमेरिकेत १८३० च्या सुमाराला थॉमस राइस नावाच्या गोऱ्या नटानं जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासली आणि तो लंगडत, उड्या मारत नाचला. काळ्या माणसाची नक्कल. पात्राचं नाव जिम क्रो. लोक हसून लोळले. मग असे तमाशे गावोगाव निघाले. काळी तोंडं केलेले गोरे नट, फुगवलेले ओठ, मोडकी इंग्रजी. काळा माणूस आळशी, काळा माणूस बावळट, काळा माणूस गुलामीतच खुश, हे त्या तमाशांनी लोकांच्या डोक्यात भरलं. आणि पुढं काय झालं ते बघा. गुलामी कायद्यानं संपल्यावर दक्षिणेतल्या राज्यांनी काळ्यांना वेगळा डबा, वेगळी शाळा, वेगळा नळ असे कायदे केले. १८९६ मध्ये प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्या वेगळेपणाला मान्यता दिली. या कायद्यांना लोक काय म्हणत? जिम क्रोचे कायदे. एका नकलेचं नाव कायद्याला मिळालं, आणि ते कायदे मोडायला १९६४ चा नागरी हक्क कायदा यावा लागला. म्हणून कुणी म्हटलं, "अहो, विनोद आहे, मनावर काय घेता," तर त्याला हे नाव सांगा. विनोद रंगमंचावर जन्मला आणि आगगाडीच्या डब्याच्या दारावर जाऊन बसला.

तिथं नक्कल कशाची होती? रंगाची, ओठांची, बोलीची. सगळं अंगचं.

आता त्याच देशात खालून वर झालेली नक्कल बघा. मळ्यावरचे गुलाम सुटीच्या दिवशी एक नाच करायचे. जोडीनं, छाती काढून, मान ताठ, पावलं ऐटीत टाकत. चांगलं नाचेल त्या जोडीला केक. म्हणून नाव पडलं केकवॉक. जुन्या लोकांनी आठवणींत सांगितलंय, की ती ऐट मालक-मालकिणीच्या नाचाची नक्कल होती. मालक खुर्ची टाकून बघत बसायचे, टाळ्या वाजवायचे, आणि आपल्यालाच वेडावतायत हे त्यातल्या कित्येकांच्या गावीही नसायचं. इथं नक्कल कातडीची नव्हती. ती ऐटीची होती, रुबाबाची होती, जे मालकानं अंगावर चढवलं होतं त्याची होती. पुढं काळी तोंडं करणाऱ्या गोऱ्या नटांनी हा केकवॉकही आपल्या तमाशात घेतला. म्हणजे गोऱ्याची नक्कल काळ्यानं केली, आणि त्या काळ्याची नक्कल गोऱ्यानं केली, आणि आपण आपल्याच चालण्याला हसतोय हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

मित्रांनो, आपल्याकडं हे दोन्ही प्रकार आहेत. नाटका-सिनेमात गावकुसाबाहेरचा माणूस आला, की तो 'पाणी'ला 'पानी' म्हणतो आणि थेटरात हशा पिकतो. त्या 'न'मध्ये हसण्यासारखं काय आहे? आपल्या आयांनी त्याच 'न'मध्ये अंगाई म्हटली. ही अंगच्या बोलीची नक्कल. उलट तमाशाच्या फडात सोंगाड्या राजाला नाही तर पाटलाला वेडावतो, तेव्हा राजाची आज्ञा, पाटलाचा दरारा, कारभाऱ्याची मखलाशी याच्यावर त्याची जीभ चालते. हे सोंग नाचवणारी माणसं बहुतेक महार, मांग, कोल्हाटी वस्तीतली. पुढं सत्यशोधक जलशांनी आणि मग आंबेडकरी जलशांनी तेच सोंग उचललं आणि त्याचं तोंड भटजीकडं, सावकाराकडं वळवलं. भटजीचं नाक कसं आहे हा त्या वगाचा विषय नव्हता. त्याची दक्षिणा आणि त्याचा मुहूर्त हा विषय होता.

पण भेद इतका सरळ नाही. कुणी हुशार वाचक म्हणेल, बायबलमध्ये काय आहे ते बघा. येशूला सुळावर द्यायच्या आधी शिपायांनी त्याला राजासारखा झगा घातला, काट्यांचा मुकुट केला, हातात बोरू दिला आणि गुडघे टेकून मुजरा केला. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये या ठिकाणी मॉक हाच शब्द आहे. इथं तर अंगावरच्या गोष्टींची नक्कल आहे. झगा, मुकुट, राजदंड. मग हे खालून वर म्हणायचं का?

नाही. कारण शिपाई राजाला हसत नव्हते. राजाच्या चाकरीतलेच ते. राजाचा वेश त्यांनी गरीब सुताराच्या पोरावर चढवला आणि त्या देहाला हसले, की बघा, हा देह आणि हा वेश! म्हणजे नक्कल कशाची आहे याच्या जोडीला दुसरा प्रश्न लागतो : हसणं कुठं जाऊन पडतं? वेशावर पडतं की वेशातल्या देहावर?

हा दुसरा प्रश्न आपल्याला चांगला ओळखीचा आहे. घोड्यावर बसलेल्या दलित नवरदेवावर दगड पडतात, ते घोड्यावर पडत नाहीत. बाबासाहेबांच्या कोटाला हसणारे लोक कोटाला हसत नाहीत. कोट त्यांच्या आजोबांनीही शिवला होता. ते म्हणतात, नक्कल आहे, साहेबाची नक्कल. पण आपल्या अंगावर आधी काय होतं ते त्यांनी सांगावं. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी मेलेल्यांची वस्त्रं, फुटकी भांडी आणि लोखंडाचे दागिने ठरवून दिले आहेत. म्हणजे अंगावरचं इतकं घट्ट बांधलं, की ते अंगचं वाटावं. वरच्याचा वेश त्याच्या मर्जीचा. खालच्याचा वेश हुकमाचा. म्हणूनच १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी बायांना सांगितलं, की ज्या नेसण्यावरून आणि ज्या दागिन्यांवरून तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखू येता ते टाकून द्या. ज्या परिषदेत मनुस्मृती जळाली त्याच परिषदेत लुगड्याची गाठ बदलली. या दोन गोष्टी एकच आहेत. बाबासाहेबांचा कोट म्हणजे साहेबाची नक्कल म्हणणाऱ्याला हे माहीत नसतं, किंवा चांगलंच माहीत असतं.

आणि नक्कल हा आरोप करणाऱ्यांना माझा एक सवाल आहे. इंग्रजी कवितेत 'मॉक-हिरॉइक' नावाचा मानाचा काव्यप्रकार आहे. महाकाव्याची भाषा, देवदेवता, लढाया जशाच्या तशा घ्यायच्या आणि एखाद्या क्षुल्लक भानगडीवर चढवायच्या. अलेक्झांडर पोपनं १७१२ मध्ये एका बड्या घरच्या पोरीच्या केसांची बट कापल्याच्या भांडणावर असं काव्य लिहिलं. ते विद्यापीठात शिकवतात. तिथं नक्कल केली की काव्यप्रकार होतो, आमच्या गल्लीत केली की आरोप होतो. ही मोजमापं कुठल्या दुकानातली?

पण पोपची सगळी गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आपल्याला धडा आहे. पोप कॅथलिक होता, म्हणून त्या काळच्या इंग्लंडात त्याला विद्यापीठाचं दार बंद. पाठीला कुबड, उंची कमी. त्याचे शत्रू त्याच्या कुबडाला वेडावत. त्यानं उत्तर दिलं ते बड्या लोकांच्या डौलाला वेडावून. तिथपर्यंत तो आपला. मात्र १७२८ मध्ये त्यानं 'डन्सिअड' लिहिलं आणि पोटासाठी पानामागं पैसे घेऊन लिहिणाऱ्या लेखकांच्या दारिद्र्यालाही त्यात हसला. ज्याच्या कुबडाला लोक हसले, तो दुसऱ्याच्या फाटक्या कपड्याला हसला. सोसलेला माणूस आपोआप न्यायी होत नाही. हे आपण आपल्या भिंतीवर लिहून ठेवावं.

आता तिसऱ्या अर्थाकडं वळतो. खोटा नमुना. आतून पोकळ.

फ्रेडरिक डग्लस गुलामीत जन्मला आणि १८३८ मध्ये पळून सुटला. १८५२ मध्ये रॉचेस्टर गावात गुलामीविरोधी बायांच्या संस्थेनं त्याला अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनानिमित्त भाषणाला बोलावलं. ५ जुलैला तो उभा राहिला. आधी त्यानं स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं कौतुक केलं. मग सवाल टाकला. त्याच्या बोलण्याचा मतलब असा : बेड्यांतल्या माणसाला तुमच्या उत्सवात आणून गाणं म्हणायला लावता, ही मॉकरी आहे; मला इथं उभं करून तुम्ही मला वेडावताय काय? बघा त्यानं काय केलं. गोरे लोक शंभर तमाशांतून काळ्याला वेडावत होते. त्यानं तो शब्दच त्यांच्या हातातून काढून घेतला आणि त्यांच्या सणाला चिकटवला. खरं वेडावणं तुमच्या थेटरात नाही, तुमच्या स्वातंत्र्यदिनात आहे. तिथं स्वातंत्र्याची नक्कल चालू आहे, आत स्वातंत्र्य नाही.

आपल्याकडं १९२३ मध्ये रावबहादूर बोल्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं झालं. ओंजळभर पाणी कुणाला मिळालं नाही. इंग्रजीत यालाच मॉकरी म्हणतात. मग २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं तळ्यावर गेली. त्यांनी काय केलं? नगरपालिकेच्या ठरावात लिहिलं होतं तेच केलं. पाणी प्याले. ठराव खोटा नमुना होता, त्यांनी तो खरा करून दाखवला. त्यावर सनातन्यांनी तळ्यात १०८ घागरी पंचगव्य ओतून ते 'शुद्ध' केलं. शेण-मूत ओतल्यावर शुद्ध झालेलं पाणी! यापुढं आणखी वेडावायला काही उरतच नाही. त्यांनी स्वतःच स्वतःला वेडावलं. आपण फक्त घागरी मोजायच्या आणि आकडा लिहायचा.

आकडा लिहायचा, हे मी मुद्दाम म्हणालो. १५ ऑगस्ट १९७२. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं. राजा ढाले यांनी 'साधना'त 'काळा स्वातंत्र्यदिन' लिहिला आणि महाराष्ट्रात गदारोळ उठला. झेंड्याचा अपमान झाला म्हणून ओरड झाली. पण लेख काय करत होता? झेंड्याच्या अपमानाला शिक्षा किती, आणि दलित बाईच्या अब्रूला हात घातला तर दंड किती, हे त्यानं शेजारी शेजारी मांडलं. दोन्ही गोष्टी सरकारच्याच पदरच्या. भाषा जहाल होती, पण लेखाचा खरा दात त्या तुलनेत होता. डग्लसच्या भाषणाला आणि या लेखाला एकशे वीस वर्षांचं अंतर आहे. देश वेगळा, धर्म वेगळा. हत्यार एक : तुमचाच सण, तुमचाच कागद, तुमच्यापुढं.

इथं मला एक मराठी शब्द आठवतो, आणि माझ्या म्हणण्याचा गाभा त्यात आहे. मराठीत 'नक्कल' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक सोंगाड्या करतो ती. दुसरी तलाठी देतो ती. सातबाऱ्याची नक्कल काढायला आपण कचेरीत जातो. तिच्यावर शेरा असतो : 'अस्सल बरहुकूम नक्कल'. म्हणजे मुळात आहे तसंच, काना नाही का मात्रा नाही, जास्त नाही का कमी नाही. ही नक्कल कोर्टात चालते. सोंगाड्याच्या नकलेनं माणूस हसतो. तलाठ्याच्या नकलेनं जमीन जाते किंवा येते.

आपल्या परंपरेतलं सगळ्यात जोरकस वेडावणं या दुसऱ्या प्रकारचं आहे. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली आणि अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्या लोकांना ती अर्पण केली. धोंडीबा विचारतो, जोतीराव उत्तर देतात. मत्स्य, कच्छ, वराह हे अवतार ते पुराणातून जसेच्या तसे उचलतात आणि शेतकऱ्याच्या साध्या अकलेनं विचारतात, की माशाच्या पोटी माणूस कसा जन्मेल? मग सांगतात, की समुद्रातून होड्यांनी आलेल्या टोळ्यांची ही गोष्ट आहे. हसू येतं. पण जोतीरावांनी पदरचं विनोदी काही घातलेलं नाही. पुराणाची नक्कल काढली, आणि तिच्यावर सवाल लिहिला.

बाबासाहेबांचं 'रिडल्स इन हिंदुइझम' महाराष्ट्र सरकारनं १९८७ मध्ये चौथ्या खंडात छापलं. राम-कृष्णावरच्या परिशिष्टावरून वादळ झालं. म्हणाले, देवांची टवाळी केली. परिशिष्ट काढा म्हणाले. १९८८ च्या सुरुवातीला आपली माणसं लाखांनी मुंबईत रस्त्यावर उतरली, आणि परिशिष्ट ग्रंथात राहिलं. सरकार या मतांशी सहमत नाही, असा खुलासा त्याला जोडला गेला. तुम्ही ते परिशिष्ट वाचा. मोर्च्याला गेलेल्यांनीही वाचा. त्यात बाबासाहेब वाल्मीकीचा आधार घेतात, वकिलासारखा. साक्षीदार तुमचा, जबानी तुमची, उलटतपासणी माझी. याला जे टवाळी म्हणतात त्यांना मी विचारतो, की टवाळी बाबासाहेबांच्या वाक्यात आहे, की मूळ दस्तऐवजात? नक्कल अस्सल बरहुकूम असेल तर तक्रार अस्सलाविरुद्ध करा, नक्कल काढणाऱ्याविरुद्ध कशी करता?

आता ही कसोटी आपल्याला न आवडणाऱ्या जागी लावतो, नाहीतर ती कसोटी नाही. शंकर यांनी १९४९ मध्ये एक व्यंगचित्र काढलं. राज्यघटना म्हणजे गोगलगाय, तिच्यावर बाबासाहेब हातात चाबूक घेऊन, मागं नेहरू, त्यांच्याही हातात चाबूक, आणि भोवती गर्दी हसतेय. हे चित्र अकरावीच्या एनसीईआरटीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात होतं. मे २०१२ मध्ये त्यावरून संसदेत गदारोळ झाला, चित्र काढून टाकायचं ठरलं, पुस्तकाच्या दोन सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पुण्यात त्यातल्या एकाच्या विद्यापीठातल्या कचेरीची मोडतोड झाली.

चित्राचा विषय घटनेचा संथ वेग हा आहे. म्हणजे नक्कल कामाची आहे, अंगच्या गोष्टीची नाही. इथपर्यंत चित्रकाराला सूट. पण दुसरा प्रश्न विचारा : हसणं कुठं पडतं? नेहरूंचा चाबूक गोगलगायीवर उगारलाय असं म्हणतात. पण त्याच्या वाटेत कोण बसलंय? ज्या समाजाच्या पाठीनं चाबूक खरोखर खाल्लाय, त्याच्या पोराला वर्गात ते चित्र कसं दिसेल, हा प्रश्न पुस्तक करणाऱ्यांना सुचला नाही. पुढं २०१९ मध्ये उन्नमती श्याम सुंदर यांनी 'नो लाफिंग मॅटर' या ग्रंथात इंग्रजी वर्तमानपत्रांतली बाबासाहेबांवरची शंभराहून अधिक जुनी व्यंगचित्रं एकत्र केली. तिथं दिसतं की बाबासाहेबांना पुन्हा पुन्हा बुटकं, पोरासारखं, बाईसारखं काढलं होतं. एक चित्र सुटं बघितलं तर वेगावरचा विनोद वाटतो. शंभर चित्रं ओळीनं ठेवली की सवय दिसते. मी म्हणतो, मोडतोडीनं जे सिद्ध झालं नाही ते या ग्रंथानं सिद्ध केलं. कसं केलं? नकला काढून. चित्रं जशीच्या तशी छापली, खाली सवाल लिहिले. खुर्च्या फोडल्यावर दुसऱ्या दिवशीच्या पेपरात खुर्च्यांचा फोटो येतो, चित्राचा मुद्दा बाजूला राहतो.

आणि शेवटी घरातलं. आपले मोर्चे कलेक्टर कचेरीवर जातात आणि काम न करणाऱ्या साहेबाला बांगड्यांचा आहेर देतात. लोक हसतात, फोटो निघतो. मी विचारतो, ही नक्कल कशाची? बांगडी म्हणजे दुबळेपणा असं वेडावून तुम्ही कुणाला हसलात? साहेबाला की मोर्च्यात पुढं चालणाऱ्या आपल्या बायांना? महाडच्या तळ्याच्या रस्त्यानं बाया चालल्या. नामांतराच्या लढ्यात बायांनी तुरुंग भोगला. त्यांच्या हातातल्या बांगड्यांचा तुम्ही अपमान म्हणून वापर करता? साहेबाला आहेरच द्यायचा असेल, तर त्यानं अडवून ठेवलेल्या अर्जांची यादी द्या. तारीखवार. त्याच्याच आवक क्रमांकासहित. तीच अस्सल बरहुकूम नक्कल. तसंच आपल्या कवितेत कुणाचा तोतरेपणा, कुणाचा काळेपणा, तृतीयपंथी माणसाची टाळी, खालच्या म्हणून गणलेल्या दुसऱ्या जातीचा धंदा शिवीसारखा येतो, तेव्हा आपण थॉमस राइसची काजळी आपल्या बोटाला लावलेली असते. पोप तिथंच घसरला.

कुणी म्हणेल, कविता म्हणजे काय कचेरी आहे? कागद जोडून कविता होते का? राग कुठं गेला? रागाला माझी ना नाही. राग नसता तर महाड झालं नसतं. पण नुसत्या रागाला ते लोक सरावलेत. 'दलित साहित्य म्हणजे आक्रोश' असं लेबल लावून त्यांनी रागासाठी एक कप्पा करून ठेवलाय. त्यांचंच वाक्य त्यांच्यापुढं तसंच्या तसं ठेवलं की मात्र कुठल्या कप्प्यात घालावं हे त्यांना कळत नाही. तो त्यांचाच माल असतो.

म्हणून नव्यानं लिहिणाऱ्या मित्र-मैत्रिणींना एवढंच सांगतो. पुढच्या वेळी कुणी म्हणालं, ही टवाळी आहे, तर विचारा : कशाची नक्कल आहे, अंगच्याची की अंगावरच्याची? आणि हसणं पडलं कुठं? तो म्हणाला, ही नक्कल आहे, तर म्हणा : होय. मूळ तुमच्या दप्तरात आहे. ताडून बघा आणि चूक असेल तिथं खूण करा.

जय भीम.